दोनच कप

मंगळवार, ७ मे

पोरी,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहिला नाही. तुला नको असणार, आणि माझा हातही तिथे चालला नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. चौथीतून शाळा सुटली ती सुटली, त्यानंतर आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. अक्षर लागलं तर वाच, नाही लागलं तर सोड.

आज वजनाचा दिवस होता. एकतीस मुलं. मी काट्यावर, सिस्टर टेबलावर. मी आकडा ओरडायचा, तिने तक्त्यावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला की आई हसते. लाल पट्ट्यात पडला की माझ्याकडे बघते, जसा काही काटा मीच धरून ठेवलाय. हे तुला नवीन नाही. पण सुरुवातीला काहीतरी लिहावं लागतं.

एक बाई आली. पोरगं दीड वर्षाचं, तोंडात बाटली. अशी बाई दिसली की मी काय करते ते तुला ठाऊक आहे. कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करायचीस. "अगं ए, दूध म्हणजे जेवण नव्हे. वर्ष झालं ना पोराला? मग दिवसाला दोन कप दूध, बास. दुधानेच पोट भरलंस तर जेवणाला जागा कुठे ठेवलीस? दुधात रक्त नसतं बाई. रक्त अंड्यात, डाळीत, हिरव्या पाल्यात." अकरा वर्षं हेच. सिस्टर म्हणते, भाषण मावशींनीच द्यावं, माझं कोणी ऐकत नाही.

आज तोंड उघडलं आणि काही आलं नाही. सिस्टरने जरा वाट बघितली, मग तीच बोलली. मी पुढचं पोर उचललं. नऊ किलो दोनशे.

घरात नवीन काही नाही. तुझ्या पोराची, माझ्या भोपळ्याची, बाटली ओट्यावर उपडी आहे, तू त्याला उचलून दवाखान्यात धावलीस त्या दिवसापासून. आत टाकायला हवी. टाकीन.

दवाखान्याच्या जिन्यात तू विचारलंस, "आई, तू बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तू वर निघून गेलीस. तेव्हापासून मी फार विचार केला असं नाही. जेवते, झोपते, कामाला जाते. पण ते 'कशाबद्दल' तिथेच जिन्यात उभं आहे.

भोपळ्याला आयर्नचे थेंब दुधातून देऊ नका. दोन्हींत दोन तास जाऊ देत. संत्र्याच्या रसाबरोबर दिलेत तर अंगी लागतील. शी काळी होईल, घाबरू नकोस. तुझ्या सासूलाही सांग. सांगणं मला चांगलं जमतं.

आई


मंगळवार, १४ मे

पोरी,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

दवाखान्यातलं लिहिते. तू तिथे होतीस, पण तुझं लक्ष पोराकडे होतं. त्याची छाती कशी उडत होती. डॉक्टरीणबाईने पेन उघडून विचारलं, "दूध किती पितो?" तू म्हणालीस, "दोनच कप." आणि माझ्याकडे वळलीस. "हो ना आई?"

मी म्हटलं, "दोनच."

ती म्हणाली, "बाई, रक्त अकरा हवं तिथे साडेतीन आहे. दोन कप दूध आणि वर पोटभर जेवण, अशा पोराचं रक्त एवढं उतरत नाही. घरात कोणीतरी खोटं बोलतंय, आणि पोराला तर अजून बोलता येत नाही."

तुझी सासू दाराशी पिशवी धरून उभी होती. तिने तुझ्याकडे बघितलं. डॉक्टरणीने तुझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मी केंद्रातली. मला तर सगळं माहीत असणार.

दोन नव्हते. सहा होते. कप नव्हे, बाटल्या, मोठ्या.

तू सहाला पॅकिंगच्या कामाला निघायचीस आणि संध्याकाळी यायचीस. स्वयंपाकघराच्या दाराला तू तक्ता चिकटवला होतास, सकाळी काय, दुपारी काय, केंद्रातलाच, मीच तुला आणून दिलेला. तू घरात ठेवून जायचीस ते दूध दोन कपांचंच असायचं. वरचं मी केंद्रामागच्या दुकानातून आणायचे आणि रिकाम्या पिशव्या केंद्राच्या डब्यात टाकायचे. तू केलेलं अंडं, डाळ, गाजर मी खायचे, म्हणजे भांडं रिकामं दिसायचं. संध्याकाळी तो तुझ्या हातचा घास ढकलायचा तेव्हा मी म्हणायचे, "दुपारी दाबून जेवलाय गं, नको कोंबूस."

का, ते विचारशील. घास भरवायला त्याला पाऊण तास लागायचा. तोंडात धरायचा, थुंकायचा, मान वळवायचा. बाटली पाच मिनिटांत संपायची आणि तो गप्प. मला घाई होती. कसली घाई, तर कसलीच नाही. तुझ्या लहानपणीही मला घाईच होती. आधी सकाळची एक बाटली वाढली, मग दुपारची. सहा कधी झाल्या ते मी बघितलं नाही.

त्यानंतरचं दोघींना माहीत आहे. रक्त चढवलं, पोर वाचलं. जावई दूरच्या कामावर, तेव्हा सासूने डिस्चार्जच्या कागदासकट पोर आपल्या घरी नेलं. तू त्यांच्या गल्लीत खोली घेतलीस आणि रोज संध्याकाळी तासभर त्याला भेटायला जातेस. स्वतःचं पोर, आणि तासभर.

हे लिहून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भात लागला होता तो खरवडला.

आई


शुक्रवार, २४ मे

पोरी,

तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता. मी कांदा चिरत होते. त्यांच्या जिभेवर एवढी साखर की मला वाटलं चुकून लागला.

"कशा आहात विहीणबाई? गुडघे काय म्हणतात?"

मी म्हटलं, "गुडघे बोलत नाहीत. तुम्ही बोला."

हसल्या. म्हणाल्या, "नऊ तारखेच्या रविवारी माझा मुलगा सुट्टीवर येतोय. बसून ठरवून टाकू म्हणतोय. पोर इथेच राहू दे माझ्याजवळ. हिने हवं तर यावं, भेटावं. कामावर जाणारी बाई, तिच्याने नाही होत. मी तिला नावं ठेवत नाही हो."

"ठेवू नका मग."

"नाहीच ठेवत. पण डॉक्टरांसमोर खोटं बोलली ना ती? दोन कप म्हणे. आई असून. तुम्ही किती सांगितलं असेल, तुमचं तर कामच ते. तुम्ही फक्त त्या दिवशी या आणि एवढंच सांगा, की सांगितलेलं ती ऐकत नव्हती. तुमच्या शब्दाला वजन आहे. माझा मुलगा तुम्हाला फार मानतो."

मी काय म्हटलं ते तुला सांगायचं नव्हतं. सांगते. मी म्हटलं, "बघू."

मूग गिळून बसले असते तरी बरं. 'बघू' म्हटलं. फोन ठेवला आणि उरलेला कांदा चिरला. एकटीला एवढा कांदा कशाला ते कळेना, तरी चिरला.

तुला ही बैठक माहीत असेल. त्या दिवशी ते मला बोलावतायत हे माहीत नसेल. आता आहे.

आई


मंगळवार, २८ मे

पोरी,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "बाकी काही नको, काय काय बघितलं होतंस तेवढं लिही." वर नाव नाही, खाली नाव नाही. अक्षर माझ्यावर गेलंय तुझं, पाय ओढल्यासारखं.

लिहिते. आज सगळं जमेल असं नाही.

डॉक्टरणीने विचारलं होतं, माती, कागद, चुना असलं काही खातो का. तू नाही म्हणालीस, कारण तू बघितलंच नव्हतं. मी नाही म्हटलं, कारण मी बघितलं होतं.

मागच्या खोलीची भिंत. पलंगाच्या कडेला, त्याच्या उंचीला, पोपडे निघालेत बघ. आधी मला वाटलं ओल आहे. मग एका दुपारी झोपलाय म्हणून डोकावले तर तो उभा, तोंड भिंतीला लावून, चाटतोय. नखाने खरवडायचा आणि बोट तोंडात घालायचा. आवाज न करता, मन लावून. घास भरवताना तसं मन त्याने कधी लावलं नाही. ओठाला पांढरं. मी पाठीत एक धपका घातला, तोंड पुसलं आणि बाटली दिली.

अंगात रक्त कमी झालं की पोरं असलं खातात. हे मला केंद्रात झाडू मारणारीच्या लेकीलाही शिकवता येईल. दर महिन्याला सिस्टर सांगते, पोर माती-चुना खात असेल तर मारू नका, इथे घेऊन या. मी मागे उभी राहून मान डोलावते.

दुसऱ्या दिवशी मी कपाट सरकवलं. एकटीने. तू आल्यावर म्हणालीस, "हे कपाट इथे कशाला?" मी म्हटलं, "उजेड अडत होता." तू म्हणालीस, "आई, आता खिडकीच अडलीय." आणि हसलीस. मीही हसले.

काल कपाट परत ओढलं. ताटाएवढी जागा खरवडलेली आहे. कडेला चार दात उमटलेत. आता रंगारी बोलावणार नाही मी. तुला दाखवायची आहे म्हणून नाही. तशीच राहू दे म्हणून.

आई


शुक्रवार, ३१ मे

पोरी,

दुसरं बघितलेलं.

वजनाच्या दिवशी मी त्याला बरोबर न्यायचे, काट्याशेजारी बसवायचे. सगळ्या बाया त्याचे गाल ओढायच्या. "मावशी, नातवाला काय खायला घालता हो, कापूस झालाय नुसता." त्याचा ठिपका हिरव्या पट्ट्याच्याही वर. मी सिस्टरला म्हणायचे, जरा मोठा काढा, लांबून दिसू दे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसं. फरक एवढाच की माझ्या पाषाणाचं वजन चांगलं भरत होतं. काट्याला वजन कळतं, रंग कळत नाही.

फेब्रुवारीत सिस्टरने त्याचा तळहात उघडला. आपल्या तळहाताशेजारी धरला. म्हणाली, "मावशी, हा फिकट वाटतो मला. रक्त बघून घेऊ का? सुई टोचायचा काय तो त्रास."

मी म्हटलं, "गोरा आहे तो. आजोबांवर गेलाय."

ती म्हणाली, "गोरेपणा वेगळा."

"माझ्या नातवाबद्दल मला तू शिकवतेस का आता? वजन बघ त्याचं आणि बोल."

सगळ्या बाया हसल्या. तीही हसली, बिचारी. पोर माझ्या निम्म्या वयाची, माझ्याशी कोण वाद घालणार. मी त्याला खाली उतरवला. त्याला उभं राहायचं नव्हतं, तो बसला. त्या दिवसांत तो फार बसायचा. मला शहाणा वाटायचा.

आज दुपारी मुलं संपल्यावर सिस्टरला सगळं सांगितलं. बाटल्या, पिशव्या, भिंत. ती हाताला साबण लावत होती. साबण तसाच राहिला हातावर. म्हणाली, "मावशी, मलाही दिसलं होतं. मी पण सोडून दिलंच ना." मग नळ सोडला.

मला वाटलं होतं काट्यावरून काढेल. काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं का, कळत नाही. मला हल्ली बरं-वाईट पटकन कळत नाही. चहात साखर आहे की नाही तेही पेला संपल्यावर कळतं.

अजून एक आहे. ते पुढच्या वेळी. बस चुकेल.

आई


मंगळवार, ४ जून

पोरी,

बस चुकणार नव्हती. लिहवत नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. तू कामावर होतीस. तो जमिनीवर पडला होता, झोपला नव्हता, नुसता पडला होता, डोळे उघडे. मी त्याला मांडीवर घेतला. हातपाय थंड. सिस्टरचं बोलणं डोक्यात होतं, मी कितीही ओरडले असले तरी. मी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली.

आतून लाल हवी. जिभेसारखी. अकरा वर्षांत सिस्टरने हजार पोरांच्या ओढलेल्या बघितल्यात मी. त्याची कागदासारखी होती. लाल नाही, गुलाबी नाही. दुसरी बघितली. तीही तशीच.

म्हणजे मला माहीत होतं. दूध किती ते माहीत होतं, भिंत माहीत होती, आणि आता पापणीही. दवाखाना दहा मिनिटांवर. रिक्षा दारात मिळते. पण डॉक्टर विचारणार, दूध किती. मग तुला कळणार. मग तू तुझ्या त्या थकलेल्या आवाजात म्हणणार, "आई, तू तर लोकांना शिकवतेस." ते ऐकायचं नव्हतं मला. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण नाही, शोधलं.

मी ठरवलं, उद्यापासून बाटली बंद, अंडं सुरू, आठवड्यात येईल रंग. त्या उद्याला त्याने अंडं थुंकलं. मी बाटली दिली. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी तू त्याला उचलून धावलीस.

एकोणीस. केंद्राच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजले.

आता कामाचं. रविवारी मी येतेय. सकाळची पहिली बस, साडेदहापर्यंत पोचेन. तुझ्या खोलीवर येणार नाही, सरळ त्यांच्याकडे. विहीणबाईंना फोन करून सांगितलं, "बोलावलंत ना, येते." त्या म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मी म्हटलं, "रविवारनंतर हे म्हणालात तर बघू." त्या पुन्हा हसल्या. त्यांना वाटतं मी विनोदी आहे.

तिथे मी सगळ्यांसमोर सांगेन. जावयासमोर, त्यांच्यासमोर. दूध मी दिलं, पिशव्या मी लपवल्या, भिंत मी झाकली, पापणी मी बघितली. तू डॉक्टरांना दोन कप सांगितलंस ते खोटं नव्हतं. तुला जे सांगितलं गेलं तेच तू सांगितलंस. खोटं माझं. पोर माझ्याजवळ ठेवायचं नसेल तर ठेवू नका, ते बरोबर आहे. त्याच्या आईपासून तोडायचं कारण यात कुठेच नाही. डॉक्टरीणबाईंकडेही काल जाऊन आले. त्यांनी जुना कागद काढला, माझं म्हणणं खाली लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. त्याची नक्कल या पाकिटात आहे. मग पेनचं टोपण लावलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

हे कागद फाडले नसतील तर रविवारी जवळ ठेव. मी बोलेन. पण त्या बाटलीवाल्या बाईसमोर झालं तसं, तोंड उघडून आवाज आला नाही, तर जावयाच्या हातात कागद दे. तो वाचेल. माझ्या अक्षरावरून कोणाला शंका येणार नाही, इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कोणाचं नसतं.

मी दाराबाहेर उभी राहीन. पोराला माझ्यासमोर आणू नका. मागणार नाही. तो माझ्याकडे झेपावला तर माझं मला सावरणार नाही, आणि नाही झेपावला तरी.

आज केंद्रात प्रत्येक पोराची पापणी ओढून बघितली. काट्यावर ठेवायच्या आधी. सिस्टरने वहीत एक रकाना वाढवला. अठ्ठावीस मुलांत चार फिकी निघाली. त्यातलं एक गुबगुबीत होतं, हिरव्या पट्ट्यातलं. त्याची आजी म्हणाली, "गोरं आहे हो ते." मी म्हटलं, "माझाही होता."

बरं वाटलं असं नाही. आकडा सांगितला आणि पुढचं पोर घेतलं.

बाटली काल टाकली.

एक काम कर. हे मिळेल त्या संध्याकाळी तुझ्या तासाभरात त्याला उजेडाकडे तोंड करून मांडीवर घे. हसत असेल तेव्हा घे, म्हणजे मान वळवणार नाही. खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढ. लाल आहे का, तेवढंच कळव.

दुसरं काही लिहू नकोस.

आई